समुद्राच्या हवेतील जमाखर्च

मी राहतो त्या भिलाईपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील मातीत जे थोडेफार आयोडीन आहे, त्याचा बराचसा वाटा समुद्रातून हवेत आणि हवेतून पावसावाटे आलेला आहे. समुद्र हे आयोडीन हवेत सोडतो कसे, याचा पहिला धागा एका घरगुती बनावटीच्या उपकरणाने हाती दिला.

जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर तयार केला. किरणोत्सारी स्रोतामुळे वायूत मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण होतात व त्यांचा क्षीण विद्युतप्रवाह वाहू लागतो. क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन धारण करणारे बरेच रेणू हे इलेक्ट्रॉन सहज गिळतात आणि प्रवाह घटतो. तत्त्व इतके सोपे, की पदवीच्या विद्यार्थ्यालाही फळ्यावर मांडता यावे. संवेदनशीलता मात्र अशी, की एक लाख कोटी रेणूंत मिसळलेले मोजके रेणूही सापडावेत.

हे उपकरण घेऊन लव्हलॉक नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘शॅकल्टन’ या ब्रिटिश संशोधन-जहाजावरून दक्षिणेकडे निघाले. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा सीएफसी-११ हा मानवनिर्मित वायू त्यांना अटलांटिकच्या दोन्ही गोलार्धांत आढळला. त्याच पाण्यात मिथाइल आयोडाइडही होते, आणि ते कोणत्याही कारखान्याचे नव्हते. किनाऱ्यावरील समुद्री शेवाळ हा त्याचा एक उगम मानला गेला.

जानेवारी १९७३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात, या संयुगांपासून धोका संभवत नाही, अशा अर्थाचे एक विधान होते. मोजमाप अचूक होते, परंतु हे विधान मोजमापातून निघालेले नव्हते. जून १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सीएफसीतील क्लोरीन ओझोनचा थर कसा झिजवू शकते हे दाखवले. त्या विधानाबद्दल लव्हलॉक यांनी पुढे स्वतःच खंत व्यक्त केली. मॉन्ट्रियल करार १९८७ साली झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला.

समुद्राच्या स्वतःच्या वायूंना मात्र करार लागू करता येत नाही. मिथाइल आयोडाइड सूर्यप्रकाशात काही दिवसांतच फुटते, आणि सुटलेला आयोडीनचा अणू ओझोनशी संयोग पावून आयोडीन मोनॉक्साइड बनतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ ते २०१७ या काळातील तीन सागरी मोहिमांत विखुरलेल्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून तो मोजला. ४० अंश दक्षिणेच्या खाली त्याचे प्रमाण एक लाख कोटींत एका भागापर्यंत भरले. समुद्रातील आयोडाइड आणि हवेतील ओझोन यांच्या अभिक्रियेतून बाहेर पडणाऱ्या आयोडीनचा हिशेब याच मोहिमांतील नोंदींवरून केला गेला, तेव्हा तो हवेत दिसलेल्या प्रमाणाशी जुळला नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात ही तफावत लपवलेली नाही, हे मला विशेष वाटते. ध्रुवीय सीमारेषेच्या उत्तरेस आयोडीन मोनॉक्साइडचा संबंध समुद्रातील हरितद्रव्याशी चांगला जुळतो. म्हणजे सूक्ष्म वनस्पतींचा हात असू शकतो. ‘असू शकतो’, एवढेच तेथे लिहिले आहे, आणि पुढचे काम म्हणून समुद्रपृष्ठावरून सुटणारे आयोडीनचे वायू प्रत्यक्ष मोजण्याची गरज नोंदवली आहे.