घुमटाचे कातडे : एका लोकवाद्याच्या इतिहासातील प्रश्न

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ताल, परंपरा आणि वादक यांकडे लक्ष पुरवितो; वाद्य ज्या द्रव्यांचे घडते, ती द्रव्ये वर्णनाच्या एका ओळीत आटोपतात. गोमंतकातील व लगतच्या कोकणातील घुमट या वाद्यापुरती तरी ही पद्धत अपुरी ठरते. कारण त्याचा अलीकडचा इतिहास हा मुख्यत्वे त्याच्या कातड्याचा इतिहास आहे.

घुमटाची रचना अगदी साधी आहे. कुंभाराने घडवून भाजलेले मातीचे भांडे. त्यास दोन तोंडे, एक रुंद व दुसरे अरुंद. रुंद तोंडावर ओले कातडे ताणून ते काठाखाली दोरीने आवळतात व वाळू देतात. अरुंद तोंड उघडेच असते. उजव्या हाताने कातड्यावर आघात करावयाचा आणि डाव्या तळव्याने अरुंद तोंड झाकून वा उघडून आतील हवेचा नाद खाली-वर करावयाचा, ही वादनाची रीत होय. सुताराची वा धातुकामाची गरज नसलेले हे वाद्य देवळाप्रमाणेच घराघरांतही रुजले. गणेशचतुर्थीच्या आरतीत ते शामेळ व कासाळे यांच्या साथीला असते, तर ख्रिस्ती समाजाच्या मांडोत व्हायोलिनच्या. धर्मभेद ओलांडणारे असे वाद्य विरळाच.

या वाद्यावर परंपरेने घोरपडीचे कातडे चढवीत. ते पातळ व चिवट असल्याने नाद धारदार उमटतो. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने घोरपडीस पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, आणि तिची शिकार व तिच्या कातड्याचा व्यवहार हे गुन्हे ठरले. पुढे बकऱ्याचे कातडे हा पर्याय रूढ होऊ लागला. 2019 मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले. म्हणजे ज्या वाद्याचे पारंपरिक द्रव्य कायद्याने निषिद्ध, तेच वाद्य 47 वर्षांनी शासनमान्य वारसा ठरले.

यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. मात्र कातडे बदलले म्हणून घुमट घुमट राहत नाही, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. नाव, रचना व वादनतंत्र यांचा विचार केल्यास या वाद्याचे वैशिष्ट्य कातड्याहून अधिक मातीच्या पोटात व डाव्या तळव्याच्या हालचालीत आहे. आणि या दोहोंना कायद्याने स्पर्श केलेला नाही. तथापि नादातील फरक नाकारणे हेही इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या कातड्याचा नाद ज्यांच्या कानांत आहे, अशी पिढी आता वृद्ध झाली आहे.

म्हणून अभ्यासकांचे कर्तव्य स्पष्ट आहे. घोरपडीच्या जिवाच्या मोलाने जुना नाद परत आणू नये. पण संग्रहातील प्रत्येक जुन्या घुमटाची मापे, माती, कातडे व शक्य तेथे ध्वनी यांची नोंद मात्र आजच करावी. वाद्य नव्या कातड्यावर जगेल. जुन्याची स्मृती केवळ नोंदीवरच जगणार आहे.