बोर्डिंगातली पंगत

माझा एक पुतण्या हल्ली विलायतेत असतो. मध्यंतरी तो इटनची शाळा पाहून आला आणि रात्री साडेअकराला मला फोन केला. विलायतेत तेव्हा संध्याकाळ असते, त्यामुळे तिथल्या माणसांना इकडे कुणी झोपतं हे खरंच वाटत नाही.

"काका, १४४० साली काढलेली शाळा आहे! राजानं काढलेली! आणि मुलं अजून शेपटीचा काळा कोट घालून वर्गात जातात!"

मी म्हणालो, "आमचं बोर्डिंग पावसाळ्यात १४४० च्याही आधीचं दिसायचं. आणि कोट म्हणशील, तर आमच्यात एकाच पोराकडे कोट होता. वक्तृत्वस्पर्धेला जो उभा राहील त्याच्या अंगात तो चढायचा. कोट एकच, वक्ते बावीस."

पुतण्यानं फोन ठेवला. माझी झोप मात्र उडाली ती उडालीच. मग दुसऱ्या दिवसापासून मी इटनची माहिती वाचत सुटलो.

मोठी मजेची शाळा आहे. सहाव्या हेन्रीनं ती काढली ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. पुढं पैसेवाल्यांनी विचार केला, की गरिबांची एवढी चांगली सोय होत असेल तर आपण का मागं राहावं? ते फी भरून गावात राहू लागले आणि बघता बघता शाळा त्यांचीच झाली. ते सत्तर विद्यार्थी अजून आहेत, पण आता परीक्षा देऊन निवडलेले. या शाळेनं विलायतेला वीसेक पंतप्रधान दिले. आमच्या बोर्डिंगानं तालुक्याला तीन सभापती दिले. त्यांतले दोन एकमेकांना पाडून झाले.

इटनमध्ये वर्षाला तीन सत्रं असतात आणि प्रत्येकाला 'हाफ', म्हणजे अर्धं, म्हणतात. तीन अर्धे मिळून एक! आमच्या गणिताच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं, तर छडी शोधत थेट बोटीवर चढले असते. एक भिंतीचा खेळ आहे. भिंतीला घासत चिखलात पोरांचा ढीग पडतो आणि ढिगाखाली कुठंतरी चेंडू असतो. ३० नोव्हेंबरला याचा मोठा सामना होतो आणि त्यात शेवटचा गोल १९०९ साली झाला. तरी दरवर्षी खेळतात. चिकाटी म्हणतात ती ही. आणि लहान पोरांनी मोठ्या पोरांचे बूट पुसायचे, पाव भाजून द्यायचा, निरोप पोचवायचे, ही चाल शतकानुशतकं चालली. ती १९८० च्या सुमारास बंद झाली.

हे शेवटचं वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारण परंपरा आमच्याकडेही होत्या.

मी १९६६ साली पाचवीला एका तालुक्याच्या गावी बोर्डिंगात पडलो. 'पडलो' हाच शब्द बरोबर. त्या बोर्डिंगाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या आमटीविषयी मला खरं बोलायचं आहे. ती आमटी नव्हती. डाळीच्या आठवणीत उकळलेलं पाणी होतं. पातेल्यात वाकून पाहिलं की तळ दिसायचा आणि तळात आपलं तोंड दिसायचं. 'आमटी ढवळून वाढ' असं आचाऱ्याला म्हणायचं नाही, ही पहिली परंपरा. नव्या पोराची ट्रंक पहिल्या रात्री 'तपासायची' आणि तिच्यातले शेंगदाण्याचे लाडू सार्वजनिक करायचे, ही दुसरी. पहाटे साडेचारला रेक्टर टोला द्यायचे. तेव्हा जो 'उठलोय सर' असं ओरडेल तोच खात्रीनं झोपलेला असायचा, ही तिसरी.

आता, विलायतेत बोर्डिंग म्हणजे शाळा. आपल्या सातारा-कोल्हापूरकडे बोर्डिंग म्हणजे जिथं झोपायला आणि जेवायला मिळतं ती जागा. शाळा गावात असते, तिचा आणि बोर्डिंगाचा संबंध आला तर आला. हा फरक लहान वाटतो, पण सगळा इतिहास त्यातच आहे. आपल्याकडे शिक्षण अडलं होतं ते पुस्तकावाचून कमी, भाकरीवाचून जास्त. शाळा होती, मास्तर होते. पण खेड्यातल्या पोरानं तालुक्याला येऊन राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाच्या ओसरीवर?

हे ज्यांना पहिल्यांदा नीट कळलं ते राजर्षी शाहू महाराज. गंमत अशी, की ते स्वतः बोर्डिंगचेच विद्यार्थी. १८८५ ते १८८९ ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते. ते राजपुत्रांचं बोर्डिंग. तिथं पोरांबरोबर नोकरचाकर यायचे, घोडे यायचे. पुढं क्रिकेटमध्ये नाव काढलेले रणजितसिंहजीही त्याच सुमाराला तिथं होते. आणि त्याच राजकोट गावात, साध्या हायस्कुलात, दिवाणाचा एक लाजाळू मुलगा मॅट्रिकचा अभ्यास करत होता. नाव मोहनदास गांधी. तो १८८७ साली मॅट्रिक झाला. एकाच गावात दोन शाळा, एकीत छोटे महाराज, दुसरीत भावी महात्मा! ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गादीवर आल्यावर महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सगळ्या जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढलं. पण पुढं बघतात तो त्यात एकाच जातीची मुलं उरलेली. तेव्हा महाराजांनी उलटी युक्ती केली. ज्याचं त्याला वेगळं बोर्डिंग. १९०१ साली मराठा मुलांचं व्हिक्टोरिया बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं, मग मुसलमानांचं, लिंगायतांचं, शिंपी समाजाचं, सारस्वतांचं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. पोरं शिकू लागली. पण चुली मात्र वेगळ्याच राहिल्या.

यांतल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक आडदांड मुलगा होता, भाऊराव पाटील. अभ्यासापेक्षा तालमीत आणि तालमीपेक्षा भानगडीत जास्त. असं सांगतात, की हा वरच्या वर्गात जावा म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तेव्हा गणिताचे मास्तर म्हणाले, की हा ज्या बाकावर बसतो तो बाक मी वर घालीन, पण याला घालणार नाही. असे मास्तर आणि असे महाराज, दोघंही आता दुर्मीळ.

तर हा मुलगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत येऊन तसाच जेवायला बसायला निघाला. आंघोळ कर, मग पंगतीला बस, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, नाही करणार. झालं! बोर्डिंगातून काढलं. इंग्रजी सहावीतच शाळा संपली. लौकिक अर्थानं मुलगा वाया गेला.

वाया गेलेला हा मुलगा मग ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला. हिंडता हिंडता त्यानं पाहिलं, की घरात कंदील पोचतोय, पण त्याच्या उजेडात वाचणारं कुणी नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यानं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं. सैपाक पोरांनीच आळीपाळीनं करायचा आणि एका पंगतीत बसून खायचा. एका न केलेल्या आंघोळीचं उत्तर असं सोळा वर्षांनी आलं!

पैसे कुठून आणायचे? तर घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढायला सांगितलं. ते पुरेना, तेव्हा पत्नीचे, लक्ष्मीबाईंचे, दागिने गेले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या कर्मठ घरातून आलेल्या बाई. पण कुठल्याही जातीच्या पोराला आईसारखं जेवू घालत राहिल्या. १९३० साली त्या वारल्या. इटनच्या सहाव्या हेन्रीनं शाळेला जमिनी दिल्या, मोठी गोष्ट केली. पण त्याच्या राणीचं मंगळसूत्र काही गेलं नव्हतं.

आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी या बोर्डिंगाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव द्यायला साताऱ्याला कोण आलं? राजकोटच्या साध्या हायस्कुलातला तो मोहनदास! राजपुत्रांच्या कॉलेजातल्या मुलाचं नाव त्यानं कुणब्यामांगांच्या बोर्डिंगाला दिलं. इतिहास असा कधीकधी वर्गबंधूंची गाठ घालून देतो.

पुढं १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. राहणं फुकट, शिकणं फुकट. बदल्यात पोरांनी शेतात राबायचं, रस्ते करायचे, दगड फोडायचे. कमवा आणि शिका. खडी फोडता फोडता पोरं भूमितीची प्रमेयं घोकत. यांतली कैक पोरं पुढं प्राध्यापक झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे या शाहू बोर्डिंगचेच. ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कर्मवीर अण्णा ९ मे १९५९ ला गेले, आणि त्यांची पाहून गावोगाव बोर्डिंगं निघाली. त्यांतल्याच एकात मी १९६६ साली ट्रंक घेऊन पडलो.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच इतका इतिहास लावला.

पंगतीत माझ्या उजव्या हाताला बसणारा मुलगा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. त्याची आई त्याला खर्डा बांधून द्यायची. आमटी कशीही असो, त्या खर्ड्यावर आम्ही दोघं चार-चार भाकऱ्या उडवायचो. मला थंडीताप आला, तेव्हा आचाऱ्याच्या शिव्या खाऊन यानं मला भाताची पेज करून पाजली. सुट्टीत घरी गेलो की आजी विचारायची, "पंगतीला कोण कोण असतं रं?" मी म्हणायचो, "समदी आपलीच पोरं हैत." आजीचं समाधान व्हायचं. मी खोटं बोलत नव्हतो. खरंही बोलत नव्हतो.

सातवीत तो मला म्हणाला, "तुमच्या गावची जत्रा लई मोठी असती म्हनं. येऊ का औंदा?"

मी म्हणालो, "औंदा जत्रा न्हाई."

जत्रा होती. दरवर्षी असते. त्यानं माझ्याकडं जरा पाहिलं, "बरं" म्हणाला आणि खर्ड्याचा डबा पुढं सरकवला. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. एका माणसानं आंघोळ नाकारून आमच्यासाठी जी पंगत मांडली होती, ती मला बोर्डिंगच्या दारातून घरापर्यंत न्यायचं धैर्य झालं नाही. बाराव्या वर्षीचं खोटं, पण त्याला अजून व्याज चढतंय.

तो मित्र पुढं हेडमास्तर झाला, निवृत्त झाला. आता दरवर्षी जत्रेला आमच्या घरी येतो, दोन दिवस राहतो. आजी केव्हाच गेली. माझी बायको त्याला आग्रह करकरून वाढते आणि तो तिच्या आमटीला नावं ठेवतो. एकट्यालाच तो हक्क आहे. पण येण्याआधी न चुकता फोन करतो, आणि न चुकता तेच विचारतो.

"काय रं, औंदा हाय का जत्रा?"

"हाय," मी म्हणतो. "ये."