संस्थानी मोटारींची छायाचित्रांवरून ओळख व कालनिश्चिती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हिंदी संस्थानांची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत मोटार वारंवार आढळते. विवाह, शिकार, दरबार, व्हाइसरॉयची भेट, प्रसंग कोणताही असो, एका कडेला ती उभी असते. छायाचित्राच्या पाठीवर तारीख मात्र क्वचितच असते. अशा वेळी मोटार ओळखून तिच्यावरून काल ठरवावा, असा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. हा मार्ग त्याज्य आहे असे मुळीच नाही. परंतु तो ज्या घाईने चोखाळला जातो ती घाई घातक आहे. संस्थानिकाची प्रत्येक भव्य गाडी 'रोल्स-रॉइस' म्हणून नोंदवावयाची आणि ओळख पुरी झाली असे समजावयाचे, ही आपल्याकडील रीत. नाव बरोबर ठरले तरीदेखील ही ओळख निम्मीच होय.

कारण त्या काळी उंची मोटारीचा कर्ता एक नसे, दोन असत. एक कारखाना यंत्र, चाके, सांगाडा व रेडिएटर तयार करी. त्या सांगाड्यावर बॉडी चढविण्याचे काम गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कारखान्याकडे सोपवी. लंडनचे हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली हे या दुसऱ्या वर्गातले असून त्यांचा मूळ धंदा घोड्यांच्या गाड्या बांधण्याचा. रोल्स-रॉइस कंपनी स्वतः पूर्ण मोटार विकू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा तो प्रसिद्ध रेडिएटर सांगाड्याचा कर्ता सांगतो, बॉडीचा नव्हे. बॉडीचा कर्ता दाराची रेषा, मडगार्डाचे वळण, खिडकीची चौकट यांवरून ताडावा लागतो. रेडिएटरवरील स्त्रीमूर्तीचा प्रघात १९११ पासूनचा आहे. परंतु मूर्ती काढता येते, बदलता येते, म्हणून ती दिसत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग या दृष्टीने मननीय आहे. माणिकबाग प्रासादासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाची योजना करणाऱ्या या अधिपतीने सांगाडा घेतला अमेरिकेतील इंडियानापोलिसचा, आणि त्यावर बॉडी बांधविली लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून. समोरून पाहणारा तिला अमेरिकन म्हणेल, मागून पाहणारा इंग्रजी म्हणेल. दोघांच्याही हाती अर्धेच सत्य लागेल. आणखी एक गोष्ट. बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत वळणदार नळ्या दिसल्या की ती ड्यूसेनबर्ग 'एसजे' जातीची, म्हणजे सुपरचार्जर बसविलेली, असा निर्णय दिला जातो. होळकरांची मोटार त्या जातीची होतीच. परंतु शोभेसाठी याच नळ्या साध्या 'जे' मोटारींनाही लावून घेतल्या जात. म्हणजे निर्णय बरोबर, पण त्यासाठी दिलेले कारण लंगडे. असला निर्णय दुसऱ्या छायाचित्राला लावताच फसतो.

आता कालाविषयी. पुढच्या चाकांमागे ब्रेकचे पिंप स्पष्ट दिसत असेल तर रोल्स-रॉइसचे ते छायाचित्र साधारणतः १९२३ पूर्वीचे नव्हे, असे म्हणता येते. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. जुन्या सांगाड्यांना असे ब्रेक मागाहूनही बसविले जात, तसेच जुन्या सांगाड्यावर नवी बॉडीही चढविली जाई. म्हणून पिंपावरून छायाचित्राची पूर्वमर्यादा मिळते, मोटारीचे जन्मवर्ष मिळत नाही. उत्तरमर्यादा तर मोटार कधीच देत नाही. मोटारखान्यातील गाडी दहा वर्षांनीही मिरवणुकीस निघे.

रंगाच्या बाबतीत छायाचित्र सरळ फसविते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर तांबड्या रंगाचा परिणाम होत नसे; त्यामुळे तांबडे व नारिंगी काळपट उमटे. रोल्स-रॉइसच्या चिन्हातील अक्षरे १९३० नंतरच्या काही वर्षांत तांबड्याची काळी झाली. मोटार हाती असता हा कालनिर्णयाचा चांगला पुरावा. असल्या काचेवरील छायाचित्रात मात्र तो निरुपयोगी. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली रोल्स-रॉइस केशरी, होळकरांची ड्यूसेनबर्ग नारिंगी व काळी. नुसत्या करड्या छटेवरून यांचे रंग कोणी सांगू धजेल काय?

सुकाणूचक्र डाव्या बाजूस दिसले तर आणखी सावध व्हावे. रोल्स-रॉइसचा एक कारखाना अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे १९२१ ते १९३१ पर्यंत चालू होता व तेथील उत्तरकालीन गाड्या डाव्या सुकाणूच्या होत्या. तथापि हिंदुस्थानातील छायाचित्रात असे दिसल्यास प्रथम काच उलटी छापली गेली नाही ना, हे पाहावे. नंबरपाटीची अक्षरे वाचता येत नसतील तर शेजारच्या मंडळींच्या कोटाचा वरचा खिसा कोणत्या बाजूस आहे, तो पाहावा. तो उजवीकडे गेलेला असला तर अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही.

जेथे रेडिएटरच दिसत नाही तेथे ही सर्व साधने थिटी पडतात. १९१० साली इंग्लंडात लोवेस्टॉफ्ट येथील ब्रुक कंपनीने कलकत्त्याच्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या गृहस्थासाठी जी मोटार बांधली, तिचा पुढचा भाग म्हणजे मान उंचावलेला लाकडी हंस. पुढे ती नाभाच्या महाराजांनी विकत घेतली, आणि आज ती नेदरलँड्समध्ये हेग येथील लौवमन संग्रहालयात आहे. नाभा येथील छायाचित्र पाहून ही कल्पना महाराजांची असावी असे कोणासही वाटेल, कारण असला विलास संस्थानिकालाच शोभतो अशी आपली समजूत. तो करणारा इंग्रज गृहस्थ होता, हे छायाचित्रातून कळण्यासारखे नाही. ते कागदांवरून कळते.