ओळीच्या अंकाची कुळकथा

युनिक्स ही संगणकप्रणाली आज ज्या प्रतिष्ठेने जगभर नांदते आहे, तिच्या मुळाशी ओळींना अंक घालण्याची एक कारकुनी गरज होती, हे प्रथमदर्शनी कोणास खरे वाटणार नाही. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला, अर्जाच्या प्रत्येक पृष्ठावरील ओळींस अंक छापून देणारे साधन हवे होते. विचाराधीन असलेल्या व्यापारी यंत्रात ती सोय नव्हती, आणि प्रयोगशाळेतीलच जो ओसाना यांनी आपल्या सहकाऱ्यांची नवी प्रणाली, म्हणजेच युनिक्स, ती करून देईल अशी हमी भरली. टंकलेखकांचे काम सुरळीत चालू लागले, आणि त्या यशाच्या बळावर युनिक्स रचणाऱ्या केन टॉम्सन व डेनिस रिची यांच्या मंडळींना पीडीपी-११/४५ हे मोठे यंत्र मंजूर झाले.

पुढे याच घराण्यात ‘एनएल’ नावाची चिमुकली आज्ञा आली. आज्ञापटलावर तिचे नाव व मजकुराची फाइल एवढे दिले की प्रत्येक ओळीपूर्वी सहा स्थळांच्या रकान्यात उजवीकडे सारून अंक उमटतो. ही आज्ञा आली कोठून, यावर दोन पक्ष संभवतात. पहिला पक्ष छिद्रपत्रांचा, म्हणजे भोके पाडून संगणकाला मजकूर पुरवणाऱ्या जुन्या पत्रांचा. फोर्ट्रान या संगणकभाषेच्या ऐंशी रकान्यांच्या पत्रात ७३ ते ८० हे रकाने क्रमांकासाठी मोकळे असत, म्हणजे गठ्ठा हातून विस्कटला तरी पुन्हा लावता यावा. एनएल हा त्याच क्रमांकाचा वंशज, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष पेटंटच्या कचेरीचा, आणि माझा कौल निःशंकपणे त्याच्याच बाजूला आहे.

कारणे त्या आज्ञेच्या स्वभावातच आहेत. विशेष सूचना नसेल तर ती कोऱ्या ओळी मोजीत नाही. मजकुराचे शीर्षभाग, मुख्यभाग व तळभाग असे तीन खंड ती ओळखते, शीर्ष व तळ यांना आपण होऊन अंक देत नाही, आणि नवे तार्किक पृष्ठ, म्हणजे या खंडांचा नवा संच, लागताच मोजणी पुन्हा एकपासून सुरू करते. छिद्रपत्रांच्या गठ्ठ्याला पृष्ठच नसते, आणि दोन पत्रांवर एकच अंक पडला तर क्रमांकाचा हेतूच फसतो. शीर्ष, तळ आणि पानागणिक नवी मोजणी ही लक्षणे दस्तऐवजाची आहेत. ज्याच्यापुढे छापील कागद पसरलेला असे, अशाच माणसाच्या गरजेतून ही आज्ञा निपजली असणार.

खेरडीत बसून हे लिहिताना आपल्याकडील दप्तराची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण हे गाव ज्या नगर हवेलीत मोडते, तो परगणा १७७९ च्या तहान्वये बारा हजार रुपये वसुलाच्या बोलीवर पेशव्यांनी १७८३ साली पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि अशा व्यवहारांची भाषा म्हणजे याद्यांची भाषा. मोडी यादीत प्रत्येक नोंदीपुढे पुष्कळदा १, १, १ असाच अंक असतो आणि अखेरीस बेरीज येते. तेथील अंक क्रम सांगत नाही, मोजदाद सांगतो. मागाहून एखादी नोंद घुसडली तर बेरीज चुगली करते.

याच्या नेमके उलट टोक पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारतात सापडते. १९१९ साली आरंभ होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली व केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. तीत ओळीच्या आरंभीच तिचा पत्ता लिहिलेला असतो: ०६०२३००१ म्हणजे सहावे पर्व, तेविसावा अध्याय, पहिला श्लोक, अर्थात गीतेचा आरंभ, श्लोकार्ध दाखवावयास पुढे रोमन ए किंवा सी. शेजारच्या शंभर ओळी काढून टाकल्या तरी हा अंक ढळत नाही.

यादीचा अंक मोजतो, महाभारताचा पत्ता देतो, आणि एनएलचा अंक या दोहोंच्या मध्ये उभा आहे. मूळ फाइलीला तो स्पर्शही करीत नाही. बाहेर पडणाऱ्या प्रतीवरच उमटतो, आणि मजकुरात वर एक ओळ वाढली की त्या तार्किक पृष्ठावरील खालचे सारे अंक सरकतात. म्हणून ‘बाराव्या ओळीत दुरुस्ती करा’ असे कोणास कळवावयाचे असेल, तर प्रत कोणत्या तारखेची हेही कळवणे भाग आहे; ही खबरदारी पेटंटच्या कारकुनांना बहुधा संगणक येण्यापूर्वीच अंगवळणी पडली असावी.