बिग बझार

बिग बझार ही किराणा, कपडे, भांडी, गृहोपयोगी वस्तू आणि विद्युत उपकरणे एकाच छताखाली विकणाऱ्या मोठ्या दुकानांची भारतीय साखळी होती. किशोर बियाणी यांनी ती २००१ मध्ये सुरू केली. पुढे ती त्यांच्या फ्यूचर समूहातील फ्यूचर रिटेल या मुंबईस्थित कंपनीच्या मालकीची होती. एके काळी ती देशातील सर्वांत परिचित किरकोळ विक्री साखळ्यांपैकी एक होती. २०२० पासून मात्र तिला उतरती कळा लागली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची बहुसंख्य दुकाने अचानक बंद झाली आणि जुलै २०२४ मध्ये फ्यूचर रिटेलच्या अवसायनाचा आदेश निघाला. बड्या कंपन्यांतील न्यायालयीन लढाई म्हणून हे प्रकरण विशेष गाजले. दुकानात नित्य जाणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने त्याचा विचार त्यामानाने कमी झाला आहे.

पार्श्वभूमी

तयार कपड्यांच्या व्यवसायातून पुढे आलेल्या बियाणी यांनी १९९७ मध्ये कोलकात्यात पँटालून्स हे कपड्यांचे मोठे दुकान काढले. त्यानंतर चार वर्षांनी, २००१ मध्ये, कोलकाता, बंगळूर व हैदराबाद येथे थोड्याच दिवसांच्या अंतराने बिग बझारची पहिली दुकाने उघडली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांसह सांगलीसारख्या मध्यम आकाराच्या शहरातही साखळी पोहोचली. ‘इस से सस्ता और अच्छा कहीं नहीं’ हे तिचे आरंभीचे घोषवाक्य होते.

दुकानाची मांडणी पाश्चात्त्य सुपरमार्केटची नक्कल नव्हती. चेन्नईच्या टी. नगर भागातील सरवणा स्टोअर्स या गजबजलेल्या दुकानापासून आपण प्रेरणा घेतल्याचे बियाणी यांनी सांगितले आहे. स्वच्छ, शांत व रिकामे वाटणारे दुकान भारतीय ग्राहकाला महाग वाटते. गर्दी आणि मालाचे ढीग दिसले की भाव स्वस्त असल्याची खात्री पटते, असा त्यांचा तर्क होता. म्हणून वाटा अरुंद ठेवल्या गेल्या आणि धान्य हातात घेऊन पारखता यावे म्हणून ते उघड्या पेट्यांत मांडले गेले. आठवडी बाजाराची सवय असलेल्या ग्राहकाला हे दुकान परके वाटले नाही. त्याच्या यशाचे मोठे श्रेय या एका निरीक्षणाला द्यावे लागते.

२६ जानेवारी २००६ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीचा लाभ घेऊन ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर करण्यात आला. गर्दी इतकी झाली की काही ठिकाणी दारे बंद करावी लागली. पुढील वर्षांत ही सवलत एकाऐवजी अनेक दिवसांवर नेण्यात आली. बुधवारची खास सवलत, तसेच जुने कपडे, रद्दी व भांडी घेऊन त्या बदल्यात कुपने देणारी अदलाबदल योजना यांमुळे मध्यमवर्गीय घरांच्या महिन्याच्या हिशेबात बिग बझारला नेमके स्थान मिळाले. नोटाबंदीनंतर २४ नोव्हेंबर २०१६ पासून या दुकानांत डेबिट कार्डावर २,००० रुपयांपर्यंत रोख रक्कम काढण्याची सोय होती, यावरूनही त्यांच्या पसाऱ्याची कल्पना येते.

आगाऊ पैसे आणि उलटलेली उधारी

गावातील किराणा दुकानात उधारीची वही असते. माल आधी मिळतो, पैसे पगार किंवा पीक हाती आल्यावर द्यायचे असतात. म्हणजे या व्यवहारात दुकानदार धनको आणि ग्राहक ऋणको असतो. संघटित किरकोळ विक्रीने हे नाते प्रथम रोखीवर आणले आणि नंतर काही योजनांत ते चक्क उलटे केले.

बिग बझारची ‘प्रॉफिट क्लब’ योजना याचे ठळक उदाहरण होय. ग्राहकाने एकदम १०,००० रुपये भरावेत आणि पुढील बारा महिने दरमहा १,००० रुपयांची खरेदी करावी, म्हणजे एकूण १२,००० रुपयांचा माल घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. बँकेच्या व्याजाशी तुलना केल्यास हा परतावा भरघोस होता. परंतु कायद्याच्या भाषेत पाहिले, तर ग्राहक या योजनेत दुकानाला विनातारण उसने पैसे देत होता. भेटकुपनांचेही तेच. दुकान चालू आहे तोवर कुपन आणि नोट यांत फरक जाणवत नाही.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येथे एक महत्त्वाचा भेद आहे. अनेक ठिकाणी वापरता येणारे पाकीट बिगरबँक कंपनीने चालवल्यास तिला परवानगी घ्यावी लागते आणि ग्राहकांची शिल्लक बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. ज्या कंपनीने कुपन काढले तिच्याच दुकानात वापरता येणाऱ्या, म्हणजे ‘बंद’ प्रकारच्या कुपनांना मात्र ही परवानगी लागत नाही आणि स्वतंत्र खात्याचे संरक्षणही मिळत नाही. असे कुपन घेणाऱ्याला हा भेद सहसा ठाऊक नसतो आणि तो सांगण्याची तसदीही क्वचितच घेतली जाते.

पिशवीचा वाद

साखळी भरात असतानाच्या ग्राहक तक्रारींपैकी कायदेशीरदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची तक्रार एका पिशवीची होती. चंडीगड येथे एका ग्राहकाकडून बिल करताना पिशवीचे १८ रुपये वेगळे आकारण्यात आले. रक्कम किरकोळ असूनही प्रकरण जिल्हा मंच व राज्य आयोग असा प्रवास करीत राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापर्यंत गेले.

२२ डिसेंबर २०२० च्या निर्णयात आयोगाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. ग्राहकाने माल निवडून झाल्यावर, पैसे देण्याच्या जागी पोहोचल्यावर त्याला पिशवीची किंमत सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पिशवीला वेगळे पैसे पडतील हे त्याला दुकान निवडण्यापूर्वीच कळले पाहिजे, अशी आयोगाची भूमिका होती. हातात सुटा माल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नकार देणे व्यवहारात शक्य नसते, हे आयोगाने ओळखले. ही प्रथा कंपनीच्या सर्व दुकानांत बंद करण्याचा आदेशही देण्यात आला. निर्णयाचा उपयोग पुढे अन्य दुकानांविरुद्धच्या तक्रारींतही झाला. ज्या साखळीविरुद्ध तो लागला, तिचे दिवस मात्र तोवर भरत आले होते.

ऱ्हासाची कारणे

फ्यूचर समूहाचा विस्तार मोठ्या प्रमाणावर कर्जावर उभा होता. कर्जाचा भार हलका करण्यासाठी पँटालून्स ही साखळी २०१२ मध्ये आदित्य बिर्ला समूहाला देण्याचा व्यवहार झाला. तरी पुढील काळात भारती समूहाचा ईझीडे आणि हायपरसिटी यांसारख्या साखळ्या ताब्यात घेणे चालूच राहिले. जागा बहुतांशी भाड्याच्या होत्या, त्यामुळे विक्री घटली तरी भाडे थांबत नसे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने हा डोलारा उघडा पडला. अन्नधान्य विकण्यास परवानगी होती. कपडे व अन्य वस्तूंची, म्हणजे जास्त नफ्याची विक्री बंद झाली. पुरवठादारांची देणी थकली आणि त्यांनी माल देणे कमी केले. याचा परिणाम ग्राहकाला फळ्यांवर दिसला. मालाच्या ढिगांतून स्वस्ताईची खात्री देणारे दुकान रिकाम्या फळ्यांनी नेमका उलट संदेश देऊ लागले. यादीतील निम्म्याच वस्तू मिळत असतील तर उरलेल्यांसाठी दुसरीकडे जावे लागते आणि मग पुढच्या महिन्यात माणूस थेट त्या दुसऱ्या दुकानातच जातो. ग्राहक घटला की रोकड घटते, रोकड घटली की माल आणखी घटतो. किरकोळ विक्रीतील हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड असते.

असे यापूर्वीही घडले होते. चेन्नईची सुभिक्षा ही किराणा साखळी झपाट्याने देशभर पसरली आणि पुरवठादारांची व कर्मचाऱ्यांची देणी थकल्याने २००९ च्या सुरुवातीला बंद पडली. याउलट, २००२ मध्ये मुंबईच्या पवई भागात सुरू झालेल्या डी-मार्टने शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागा घेणे आणि पुरवठादारांना लवकर पैसे देणे हे धोरण ठेवले. विस्तार मंद झाला, पण फळ्या भरलेल्या राहिल्या. ग्राहकाला ताळेबंद वाचता येत नसला तरी फळी वाचता येते.

विक्रीचा प्रयत्न आणि न्यायालयीन लढा

२९ ऑगस्ट २०२० रोजी फ्यूचर समूहाचा किरकोळ व संबंधित व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्स रिटेलला विकण्याचा करार जाहीर झाला. अमेझॉनने २०१९ मध्ये फ्यूचर कूपन्स या समूहातील कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता. त्या करारानुसार अशी विक्री करता येत नाही, असा दावा करून अमेझॉनने सिंगापूर येथील लवादाकडे धाव घेतली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीस अंतरिम मनाई मिळवली. ६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा हा आदेश भारतात अंमलबजावणीयोग्य ठरवला. दुसरीकडे डिसेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अमेझॉनच्या २०१९ च्या व्यवहाराची मान्यता स्थगित करून तिला सुमारे २०२ कोटी रुपये दंड केला. या दीड वर्षात दुकाने ना विकली गेली, ना सावरली.

फेब्रुवारी २०२२

दरम्यान भाडे थकल्याने अनेक जागामालकांनी रिलायन्सशी भाडेकरार केले होते आणि रिलायन्सने त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या होत्या. हे पोटभाड्याचे करार रद्द करून रिलायन्सने फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. त्या शनिवार-रविवारी देशभरातील बिग बझारची दारे उघडली नाहीत. दुकाने दोन दिवस बंद राहतील एवढेच साखळीकडून कळवण्यात आले. दोन दिवसांनंतरही त्यांपैकी बहुतेक दुकाने त्या नावाने उघडली नाहीत. फ्यूचर रिटेलने पुढे शेअर बाजाराला दिलेल्या माहितीनुसार, मोठी ३४२ व लहान ४९३ अशा ८३५ दुकानांचे करार संपुष्टात आले होते.

कर्मचाऱ्यांना सामावून घेतले जाईल, असे रिलायन्सकडून सांगण्यात आले. अनेक जागी काही आठवड्यांतच ‘स्मार्ट बझार’ या नव्या नावाने दुकान सुरू झाले. ग्राहकांचा गोंधळ नेमका येथे झाला. इमारत तीच, फळ्या त्याच, कित्येकदा गल्ल्यावरची माणसेही तीच. परंतु जागेचा भाडेकरार नव्या कंपनीकडे गेला म्हणून जुन्या कंपनीची देणी आपोआप तिच्याकडे जात नाहीत. शिल्लक कुपन किंवा बदलून घ्यायची वस्तू यांचा दावा कायद्याने फ्यूचर रिटेलवरच राहिला आणि तिच्याकडे आता ना दुकान होते ना माल.

एप्रिल २०२२ मध्ये मूळ विक्री योजनेवर मतदान झाले. भागधारकांनी ती मान्य केली, पण तारणधारी धनकोंपैकी ६९.२९ टक्के मतांनी ती नाकारली. त्यानंतर रिलायन्सने योजना पुढे नेता येणार नसल्याचे जाहीर केले.

नादारी व अवसायन

बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २० जुलै २०२२ रोजी फ्यूचर रिटेलविरुद्ध नादारी प्रक्रिया सुरू केली. योग्य खरेदीदार न मिळाल्याने जुलै २०२४ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश झाला.

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील कलम ५३ पैसे वाटपाचा क्रम ठरवते. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी व तारणधारी धनको, त्यानंतर अन्य कर्मचाऱ्यांचे वेतन, विनातारण वित्तीय धनको आणि सरकारी देणी. कुपनधारक ग्राहकाला या क्रमात स्वतंत्र स्थान नाही. तो ‘उर्वरित देणी’ या वर्गात, भागधारकांच्या थोडा वर, येतो. घर घेणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. दुकानात आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठी तशी तरतूद झालेली नाही. रक्कम लहान आणि माणसे विखुरलेली, हे त्याचे एक कारण असावे.

ग्राहकांपुढील मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या ग्राहकाने पुण्याच्या दुकानात खरेदी केली असेल, तरी त्याला पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. परभणी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्यापूर्वी प्राथमिक तक्रार नोंदवता येते.

साखळी चालू असेपर्यंतच या मार्गांचा पुरता उपयोग होतो. नादारी प्रक्रिया सुरू होताच संहितेच्या कलम १४ खाली कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते आणि अवसायनात न्यायाधिकरणाच्या परवानगीविना नवा दावा लावता येत नाही. त्या टप्प्यावर ग्राहकाला ठरावीक मुदतीत अवसायकाकडे पुराव्यासह दावा नोंदवावा लागतो. त्यासाठी मूळ पावती किंवा कुपन लागते. दुकानांच्या उष्णतासंवेदी कागदावरील छपाई काही महिन्यांत उडून जाते. त्यामुळे आगाऊ रक्कम भरल्याच्या पावतीची छायाप्रत त्याच दिवशी काढून ठेवणे इष्ट असते.