सन्मान आणि कार्यभार : डॉ. भांडारकरांचे उदाहरण

विद्यापीठांच्या वार्षिक वृत्तांतात अध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांना लाभलेल्या सन्मानांची नोंद असते. ती वाचताना सन्मान म्हणजे झालेल्या कार्याची पोचपावती होय, असा समज सहज होतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांचे चरित्र पाहता हा समज अपुरा ठरतो.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी १८६२ साली प्रथमच चौघांना मिळाली. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर हे ते चौघे होत. पुढे भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम केले. परंतु १८७३ साली त्या जागी पीटर पीटरसन यांची कायम नेमणूक झाली. कॉलेज सरकारी असल्यामुळे नेमणुकीचा अधिकार सरकारचा होता. गुणवत्ता असूनही भांडारकरांना कायम प्राध्यापकपद मिळाले ते १८८२ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

या मधल्या काळातच विद्यापीठाने त्यांना एक वेगळा मान दिला. १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेची पहिली व्याख्याने देण्यासाठी त्यांची निवड झाली. सात व्याख्यानांत त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृत व अपभ्रंश या क्रमाने मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, बंगाली आदी देशभाषांपर्यंतचा विकास मांडला. जॉन बीम्स यांचे तौलनिक व्याकरण त्याच सुमारास, १८७२ ते १८७९ या काळात, खंडशः प्रसिद्ध होत होते. भांडारकरांचे वैशिष्ट्य असे की, शास्त्रीय व्याकरणाचे अध्ययन आणि बोलींचा प्रत्यक्ष परिचय या दोहोंचा मेळ त्यांच्या विवेचनात पडला. ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ साली निघाली.

त्यानंतरचे मान सर्वश्रुत आहेत. १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. डेक्कन कॉलेजातील त्यांचे पूर्वाधिकारी कीलहॉर्न तेव्हा तेथेच प्राध्यापक होते. १८९३ साली भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९११ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तथापि अभ्यासाच्या दृष्टीने १८७७ सालच्या निमंत्रणाचे मोल या सर्वांहून अधिक मानावे लागते. किताबाने केलेल्या कार्याला मान्यता मिळाली. व्याख्यानपदाने नवे कार्य करवून घेतले.

हाच विवेक त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी दाखविला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, केवळ गौरवसमारंभावर न थांबता पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना करण्यात आली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह या संस्थेस दिला. १९१९ साली तेथे आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली.

सन्मानांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने म्हणूनच एक प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे आहे : कोणास काय मिळाले, याबरोबरच आपण कोणावर कोणते कार्य सोपविले?