पितरांचं पान आणि पणजीचं हरवलेलं नाव

नेट आणि पेटची तयारी करणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "इतिहासात संशोधन करायचंय, पण विषय कुठून आणू? आमच्या गावात ना किल्ला, ना शिलालेख." त्याचं उत्तर आज आमच्या केजच्या घरातल्या एका प्रसंगातून देते.

भाद्रपदाचा वद्य पक्ष म्हणजे पितृपक्ष. आपल्याकडे साध्या भाषेत म्हाळाचे दिवस. घरात खीर, कढी, वडे, गवारीची आणि भोपळ्याची भाजी झालेली. चुलते निखाऱ्यावर तूप आणि घास टाकत होते, ज्याला आपण आगारी म्हणतो. प्रत्येक घासाला एक नाव. वडील, आजोबा, पणजोबा ही तिन्ही नावं न अडखळता आली. मग आईचं आलं, आजीचं आलं, आणि पणजीपाशी चुलते थांबले. नाव कुणालाच आठवेना. कोपऱ्यातून आजी म्हणाली, "नावानं कोण हाक मारायचं रे तिला? नांदूरवाली म्हणायचे सगळे." चुलत्यांनी 'नांदूरवाली' म्हणून घास टाकला आणि पुढे गेले.

मी मात्र तिथंच अडकले. पणजोबांचं नाव राहिलं आणि पणजीचं गेलं, असं का? हाच संशोधनाचा प्रश्न. आता याची साधनं कोणती, ते एकेक करून बघू.

पहिलं साधन धर्मशास्त्राचे ग्रंथ. त्यासाठी फार लांब जायला नको. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात हेमाद्री पंडित होता. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळातला हा मोठा अधिकारी. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथात श्राद्धावर मोठा भाग आहे. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (1953) श्राद्धाची सविस्तर चिकित्सा केली. सुरुवात काण्यांपासून करा, मग मूळ ग्रंथाकडे जा. सोपं पडतं.

शास्त्रात वडील, आजोबा, पणजोबा ही त्रयी आहे. महालयात आई, आजी, पणजी हीसुद्धा त्रयी आहे. म्हणजे पणजीचं नाव घ्यायची सोय नियमात आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव विसरलं जाईल हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं. पितरांची नावं माहीत नसतील तर पृथ्वीवरचे, अंतरिक्षातले आणि स्वर्गातले पितर असं म्हणून पिंड द्यावेत. नियमात एखादी पळवाट दिसली, की समजायचं ती अडचण लोकांना खरोखर येत होती. नियमाचा ग्रंथ वाचताना 'काय करावं' याच्याइतकंच 'नाही जमलं तर काय' हे वाचा. इतिहास बऱ्याचदा तिथं सापडतो.

दुसरं साधन संतचरित्रं. पैठणच्या एकनाथांची श्राद्धाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासानं रस्त्यावरची अस्पृश्य मंडळी थबकली, नाथांनी त्यांनाच जेवू घातलं. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले. पेपरात अशी गोष्ट आली की आपण लिहून मोकळे होतो, "एकनाथांनी सोळाव्या शतकात असं केलं." जरा थांबा. परंपरेनं नाथांचं देहावसान 1599 चं. ज्याच्यामुळे त्यांचं चरित्र घरोघरी गेलं, तो ताहराबादचा महिपती. त्याचा 'भक्तविजय' 1762 चा आणि 'भक्तलीलामृत' 1774 चा. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली. म्हणून महिपतीच्या ओव्या आधी अठराव्या शतकाचा पुरावा आहेत. श्राद्धाच्या पानावर कोण बसू शकतं, हा प्रश्न तेव्हाच्या श्रोत्यांनाही टोचत होता, एवढं त्यातून नक्की कळतं. ही एकच गोष्ट वेगवेगळ्या काळात कशी बदलत गेली, यावर जॉन क्यून यांनी 2021 साली अख्खं पुस्तक लिहिलंय. एका जेवणावर पुस्तक होतं, हे लक्षात असू द्या.

तिसरं साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक-त्र्यंबकला गेलात की उपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग वही काढतात. कोण कधी आलं, सोबत कोण होतं, कुणाच्या निमित्तानं आलं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. जुनी पानं मोडीत. आमच्या घराण्याच्या पानावर पणजोबांचं नाव मिळालं, त्यांच्या भावांची मिळाली, मुलांची मिळाली. पणजीचं मिळालं नाही.

अशा वंशावळीला आपल्या भागात अचानक किती किंमत आली, हे तुम्ही पाहिलंच आहे. केज 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी मोडी-उर्दूतले निजामकालीन कागद शोधले जाऊ लागले. घरोघरी पणजोबा-खापरपणजोबांची नावं विचारली गेली. पण ती वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. पणजीचं नाव तिथंही कुणी विचारत नाही.

राहिलं चौथं साधन. आजीची आठवण. वहीत पुरुषांची नावं आहेत. आजीजवळ बायकांची नावं नाहीत, पण गावं आहेत. नांदूरवाली, होळची, धारूरची. सून घरात आली की तिचं माहेरचं नाव बदलायचं, मोठ्यांचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि हाकेत फक्त माहेरचं गाव उरायचं. सुरुवातीला मला हे निव्वळ नुकसान वाटलं. मग आजीच्या तोंडून आलेली सगळी गावं नकाशावर मांडली, तर तीन पिढ्यांच्या सोयरिकी समोर आल्या. कुठल्या गावाला लेकी दिल्या, कुठून सुना आणल्या. ही माहिती ना हेमाद्रीत, ना नाशिकच्या वहीत.

म्हणून एक सांगते. प्रत्येक साधन कशाची तरी आठवण ठेवतं आणि कशाची तरी सोडून देतं. सिनॉप्सिस लिहिताना 'या साधनातून काय मिळेल' एवढंच लिहू नका, 'यात कोण नसेल' हेही लिहा. गाईड पहिला प्रश्न तोच विचारतील.

आता थोडं कामाचं. विधी चालू असताना मधेच प्रश्न विचारू नका, मोबाईल पुढे करू नका. जेवणं झाल्यावर बसा. "असं का करता?" विचारलं की "पूर्वीपासून चालत आलंय" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, "मागच्या वर्षी कुणाकुणाची पानं वाढली? कुणाचं राहिलं? अविधवा नवमीला कुणाचं केलं?" ही नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची, त्यामुळे कोण आधी गेलं हेही त्यातून कळतं. लिहून घेताना चार रकाने करा: नातं, नाव, गाव, कुणी सांगितलं. चौथा रकाना विसरू नका. नाव छापायच्या आधी घरच्यांची परवानगी घ्या.

आणि हे पुढच्या म्हाळावर ढकलू नका. वह्या थांबतात, आज्या थांबत नाहीत.

माझ्या पणजीचं नाव अजून सापडलेलं नाही. पुढच्या महिन्यात नांदूरघाटला जाणार आहे. तिच्या माहेरी कुणीतरी तिला नावानं हाक मारली असेलच की.